वरच्या वाडीचा इतिहास कुठे लिहिलाय? – ‘माझ्या कुटुंबाचा इतिहास’ हा उपक्रम घेताना



‘माझे कुटुंब’ हा घटक आपण सगळेच शिकवतो. वंशवृक्ष काढायचा, आजी-आजोबांची नावं लिहायची, मूळ गाव लिहायचं, एखादा जुना फोटो चिकटवायचा. मीही बरीच वर्षं असंच घेत होते. माझी शाळा कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात आहे. पटावर मुलं थोडी. निम्मी खालच्या गावातली, बाकीची वरच्या धनगरवाड्यावरून चालत येणारी.

दोन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गाला मी या घटकावर एक छापील तक्ता दिला. त्यात प्रश्न होते : तुमचे मूळ गाव कोणते? घर कधी बांधले? शेती किती? शेती कोणी घेतली? खालच्या गावातल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी तक्ते भरून आणले. कुणाच्या तक्त्यावर तर वडिलांनी सातबारा बघून गट नंबरसुद्धा लिहिला होता. धनगरवाड्यावरच्या एका मुलाने फक्त स्वतःचं आणि आई-वडिलांचं नाव लिहिलं होतं. बाकी सगळ्या चौकटी रिकाम्या. मी लाल पेनाने ‘अपूर्ण’ असा शेरा मारला आणि वही परत दिली.

मधल्या सुट्टीत तो म्हणाला, “बाई, आमाला मूळ गाव नाही. आमी वरलं हाय.”

त्याचं हे वाक्य मी बरेच दिवस विसरू शकले नाही. तक्ता अपूर्ण होता हे खरं, पण तो मुलाने अपूर्ण ठेवलेला नव्हता, मीच तसा काढला होता. ज्याच्या घराण्याकडे सातबारा आहे त्यालाच इतिहास आहे, असं माझे प्रश्न न बोलता सांगत होते. म्हणून या लेखात डोंगरावरून शेतीकडे आलेल्या अशा एका घराचा इतिहास कसा शोधता येतो ते सांगते. आधी थोडी पार्श्वभूमी, मग त्या घराची गोष्ट, आणि शेवटी वर्गात हे कसं घ्यावं.

मूळचा कोण आणि उपरा कोण?

आपण सहज म्हणतो, “आम्ही इथले मूळचे.” पण प्रत्येक गाव कधीतरी कोणीतरी वसवलेलंच असतं. जुन्या मराठी कागदपत्रांत यासाठी छान शब्द आहेत. गावाच्या वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि कसायच्या जमिनीला ‘काळी’ म्हणत. गावात जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला तो ‘मिरासदार’, आणि बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा तो ‘उपरी’. आपण बोलताना वापरतो तो ‘उपरा’ शब्द याच ओळीतला.

पडीक जमीन लागवडीखाली यावी म्हणून राज्यकर्ते नव्या कुळांना ‘कौल’ देत. पहिली काही वर्षं सारा अगदी कमी, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत पूर्ण दरापर्यंत न्यायचा. या पद्धतीला ‘इस्तावा’ म्हणत. याचा अर्थ नीट बघा. आज जे घर स्वतःला पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हणवतं, त्याचाही कोणी पूर्वज एके काळी कौल घेऊन, झाडं तोडून, दगड वेचून इथे आलेला असू शकतो. फरक इतकाच, की त्याच्या येण्याचा कागद झाला. डोंगरावर जे आले त्यांच्या येण्याचा कागद सहसा झाला नाही.

मुलांना हे सांगितल्यावर खालच्या गावातल्या एका मुलीने विचारलं, “म्हणजे बाई, आम्ही पण कधीतरी उपरेच होतो?” मी म्हटलं, “होय, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.”

डोंगरमाथ्यावरचे गवळी धनगर

धनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेंढ्या, काठी आणि घोंगडं येतं. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याने पिवळे झालेले धनगर बांधव आपण पाहिलेले असतात. पण धनगर समाजात अनेक शाखा आहेत. पूर्वेकडच्या कोरड्या माळांवर मेंढपाळ, तर पश्चिमेकडच्या सह्याद्रीत म्हशी पाळणारे गवळी धनगर. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात डोंगरावर जे धनगरवाडे दिसतात ते बहुतेक यांचेच. चार-सहा घरं, कुडाच्या भिंती, घराला लागूनच किंवा घरातच म्हशींची दावण.

इतक्या उंचावर, इतक्या पावसात आणि रानात हे लोक का राहिले? याचं उत्तर फार शिकण्यासारखं आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी सह्याद्रीतल्या गवळी धनगरांचा आणि कुणब्यांचा अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलं, की या दोन समाजांनी एकच डोंगर आपसांत वाटून घेतला होता. कुणबी खोऱ्यात, पाण्याजवळ, भातशेती करणारे. गवळी धनगर वरच्या टप्प्यांवर म्हशी चारणारे. वरून लोणी-तूप खाली यायचं, खालून धान्य वर जायचं. एकाच्या चराईवर दुसऱ्याचा डोळा नाही आणि दुसऱ्याच्या शेतावर पहिल्याचा नाही. भांडण कमी आणि देवाणघेवाण जास्त.

दूध खाली न नेता लोणी-तूप का, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. रस्ता नाही, गाडी नाही, डोंगर उतरायला काही तास. दूध नासतं, तूप टिकतं. परिसर अभ्यासातला ‘पदार्थ टिकवणे’ हा भाग इथे आपोआप शिकवून होतो.

धनगरांच्या ओव्या, देव आणि कथा गोळा करण्यासाठी गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकांनी आयुष्याची कित्येक वर्षं महाराष्ट्रात घालवली. ज्यांच्या घरात लिहिलेला कागद नाही त्यांच्या तोंडी केवढा मोठा ठेवा असतो, हे त्यांच्या कामावरून कळतं.

म्हशीमागून नांगरामागे

आता त्या मुलाच्या घराची गोष्ट. मी शेरा मारल्यानंतरच्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर वर गेले. चढ चढताना माझीच दमछाक झाली. हा मुलगा रोज हा रस्ता चालतो, हे मला ऐकून माहीत होतं, पायांना त्या दिवशी कळलं.

त्याची आजी अंगणात नाचणी पाखडत होती. मी विषय काढताच हसली. “आमचा कसला आलाय बाई इतिहास? म्हसरं राखली, शेण काढलं, संपलं.” मुलाचे वडीलही जरा अवघडले होते. “कशाला ते जुनं? शाळेत पोरं हसत्यात,” असं ते म्हणाले. मी इतिहासाचा प्रश्नच सोडून दिला आणि नुसतं विचारलं, “आजी, ही ताल कुणी घातली?”

घराखाली उतारावर दगडांच्या पाच-सहा ताली होत्या. तालींमागे वावभर रुंदीच्या पट्ट्या आणि त्यांत नाचणी, वरी, थोडं भात. आजीने पाखडणं थांबवलं.

“माझ्या सासऱ्यानं. भूकंप झाला न्हवं का, त्याच्या फुडल्या साली.”

हा भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे पहिली ताल १९६८ च्या सुमाराची. एका वाक्यात एक तारीख मिळाली. मग आजी बोलत गेली. त्याआधी घर आणखी वर, सड्याच्या कडेला होतं. म्हशी पंचवीस-तीस. सासऱ्यांचे वडील त्याच सड्यावर जन्मलेले. तिथे आजही दगडांनी बांधलेला एक झरा आहे आणि पलीकडे मातीआड गेलेल्या पूर्वजांचे दगड मांडलेले आहेत. दसऱ्याला घरचे तिथे जाऊन नारळ फोडतात. थोडी नाचणी तेव्हाही व्हायची, पण फिरती. झुडपं तोडायची, वाळली की जाळायची, त्या राखेत दोन-तीन वर्षं पेरायचं आणि जागा सोडून द्यायची. यालाच ‘कुमरी’ म्हणतात.

मग खाली येऊन नांगर का धरला? आजीने सांगितलेली कारणं मी फळ्यावर पुढे अशी मांडली.

पहिलं कारण जंगलाचे नियम. इंग्रजांच्या काळापासून जंगल राखीव होत गेलं, कुमरीवर बंधनं आली, चराईला परवाना आला. हे फक्त एका वाडीचं नाही. आपल्या जिल्ह्यातलं दाजीपूरचं रान १९५८ साली अभयारण्य झालं. पुढे ते राधानगरी अभयारण्य म्हणून वाढलं आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. गवा वाचला, रान वाचलं, ही आनंदाचीच गोष्ट. पण रान राखीव झालं की त्यात फिरणाऱ्या माणसाला एका जागी बसावं लागतं, हेही मुलांना कळायला हवं.

दुसरं कारण म्हशी कमी होणं. चराई आटली, रोगराईत जनावरं दगावली, भावाभावांत वाटण्या झाल्या. पंचवीस म्हशींच्या घरात चार म्हशी राहिल्या. चार म्हशींच्या तुपावर दहा माणसांचं धान्य येत नाही.

तिसरं कारण बाजार बदलला. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला गोकुळ, स्थापन झाला आणि पुढे गावोगाव दूध संस्था उभ्या राहिल्या. तुपाऐवजी दुधाला रोख पैसा मिळू लागला. पण दूध सकाळ-संध्याकाळ वेळेत संस्थेत पोचायला हवं. म्हणजे घर रस्त्याच्या जवळ हवं. वरच्या सड्यावर राहून ते जमणार नव्हतं.

म्हणून आजीच्या सासऱ्यांनी खालच्या टप्प्यावर दगड वेचले, ताली घातल्या, माती अडवली. आजी त्या वेळी नवी नवरी. “हातास्नी फोड आलं तरी दगड उचललं. पयल्या साली नुसती दोन पायली नाचणी झाली,” ती म्हणाली. गाव वसवणाऱ्या, रान मोडून शेत करणाऱ्या माणसांच्या गोष्टी आपण पुस्तकात वाचतो. त्यातली एक माणूस माझ्यासमोर बसून नाचणी पाखडत होती आणि मी तिच्या नातवाला ‘अपूर्ण’ असा शेरा दिला होता.

हा इतिहास एवढा महत्त्वाचा का?

कुणी म्हणेल, ठीक आहे, मुलाला बरं वाटलं, उपक्रम छान झाला. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. या घराने कसलेली जमीन कागदावर वनजमीन आहे आणि त्यांनी वनहक्काचा दावा केलेला आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. तो पालकांनी आणि शिक्षकांनी थोडा तरी समजून घ्यावा, म्हणून सोपं करून सांगते. १३ डिसेंबर २००५ ही त्यातली महत्त्वाची तारीख. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने त्या तारखेपूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं असतं. पण गवळी धनगर महाराष्ट्रात भटक्या जमातींत येतात, म्हणून कायद्याच्या भाषेत ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’. त्यांना एक अट जास्त आहे : त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या त्या वनात राहत असल्याचं आणि उपजीविका त्यावर असल्याचं दाखवायचं. कायद्याने एक पिढी म्हणजे २५ वर्षं धरली आहेत. वर्गात मुलांनीच गणित केलं : २५ गुणिले ३ बरोबर ७५. २००५ वजा ७५ बरोबर १९३०.

म्हणजे १९३० साली आपले पूर्वज इथे होते हे सिद्ध करायचं. १९३० साली इथे कोल्हापूर संस्थान होतं. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानाचे जुने दप्तर पुष्कळसे मोडी लिपीत. डोंगरावर म्हशी चारणाऱ्या माणसाच्या नावाने त्यात काय असणार?

पण कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे ती वाचून मी थक्क झाले. त्यात सरकारी दाखले, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती हे तर आहेच. त्याशिवाय जुन्या संस्थानांचे कागद, गॅझेटिअर, जनगणना, संशोधन संस्थांचे अभ्यास चालतात. घर, झोपडी, जमिनीचं सपाटीकरण, बांध यांसारख्या प्रत्यक्ष खुणा चालतात. विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानं चालतात. जुन्या नोंदींतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ चालते. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं निवेदनही चालतं. यातला एकच पुरावा पुरत नाही, एकापेक्षा जास्त लागतात.

आता आजीची गोष्ट परत आठवा. ताली, सड्यावरचा बांधीव झरा, पूर्वजांचे दगड, देवीची जागा, वंशावळ. ज्याला आजी “कसला इतिहास” म्हणाली, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना कायद्यात जागा आहे. फक्त कोणी विचारून लिहून ठेवल्या नव्हत्या.

एक अडचण मात्र होती. आजी दावेदारांच्या घरातलीच. निवेदन दुसऱ्या कुणाचं हवं. इथे मला गाडगीळ-मल्होत्रांनी सांगितलेली लोणी आणि धान्याची देवाणघेवाण आठवली. वरच्या घराला ओळखणारं खालचं घर असणारच! खालच्या गावातल्या मुलांना मी घरी एकच प्रश्न विचारायला सांगितला : “आपल्या घरी लोणी कुठून यायचं?”

दुसऱ्या दिवशी एका मुलीने उत्तर आणलं. तिचे पणजोबा, वय नव्वदीच्या घरातलं. आम्ही त्यांना शाळेत बोलावलं. तात्या काठी टेकत आले, खुर्चीवर बसले आणि त्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, “ह्येच्या खापरपणज्याकडनं लोणी यायचं आमच्यात. माझा आज्जा भात मोजून द्यायचा. मी ल्हान असताना त्यो म्हातारा पायरीवर बसल्याला मला याद हाय.” सगळा वर्ग त्या मुलाकडे बघत होता. तो मान खाली घालून हसत होता.

हा काही चमत्कार नव्हे. तात्यांची स्वतःची आठवण १९४० च्या आसपासची. त्याआधीचं त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं. तेवढ्याने दावा मंजूर होत नाही, तो ग्रामसभेपासून वरपर्यंतच्या समित्यांपुढे जातो. या घराचा दावा अजून पडून आहे. पण तात्यांनी ग्रामसभेत सांगायची तयारी दाखवली आहे. आणि ज्या गावात ‘आम्ही मूळचे, ते वरचे’ असं बोललं जातं, तिथल्याच एका मूळच्या माणसाने ‘हेही जुने’ असं म्हटलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

जगात इतरत्रही असंच

सहावी-सातवीच्या मुलांना हे उदाहरण सांगता येईल. कॅनडात क्री नावाचा मोठा आदिवासी समाज आहे. तिथे युरोपातून कातड्यांच्या व्यापारासाठी लोक आले. हडसन बे कंपनीची स्थापना १६७० ची, म्हणजे शिवरायांच्या काळातली. व्यापाऱ्यांनी क्री आणि इतर आदिवासी स्त्रियांशी संसार केले. त्यांच्या मुलाबाळांतून मेटी हा स्वतंत्र समाज तयार झाला. रेड नदीच्या काठी ते शेती करत. प्रत्येकाला नदीचं पाणी मिळावं म्हणून त्यांची शेतं नदीपासून आत जाणाऱ्या लांबट पट्ट्यांची असत.

१८६९ मध्ये सरकारी मोजणीदार आले आणि चौकोनी तुकडे पाडू लागले. लुई रिएल या तरुणाच्या नेतृत्वाखाली मेटी लोकांनी विरोध केला. १८७० च्या कायद्याने मेटी मुलांसाठी १४ लाख एकर जमीन देण्याचं वचन दिलं गेलं. प्रत्यक्षात वाटप वर्षानुवर्षं रखडलं आणि पुष्कळांच्या हाती काहीच लागलं नाही. दुसरीकडे १८७२ च्या कायद्याने नव्याने आलेल्या वसाहतकऱ्यांना १० डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळू लागली. पुढे कितीतरी शेतकरी घरांनी आपली आजी क्री होती हे लपवून ठेवलं, कारण ते सांगितल्यावर लोक नावं ठेवत. सरकारने ते वचन नीट पाळलं नाही, असा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. वचनानंतर १४३ वर्षांनी!

आपली आणि त्यांची परिस्थिती एकसारखी नाही. तिथे समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी दुसऱ्याचा देश घेतला, इथे एकाच डोंगरावरचे शेजारी आहेत. पण दोन गोष्टी सारख्या दिसतात. ज्याच्याकडे मोजणीचा कागद तो मालक, आणि ज्याला लोक हसतात तो आपला इतिहास घरातच पुरून ठेवतो. “कशाला ते जुनं, पोरं हसत्यात,” हे वाक्य तिकडेही कुणीतरी आपल्या भाषेत म्हटलंच असेल.

वर्गात हा उपक्रम कसा घ्याल?

१. तक्ता बदला. ‘शेती किती?’ ऐवजी ‘घरातली माणसं कोणकोणती कामं करत आली?’ असं विचारा. ‘मूळ गाव कोणते?’ ऐवजी ‘आपली माणसं कुठून कुठे आली आणि का?’ असं विचारा. ऊसतोडीला फिरणाऱ्या, धरणामुळे उठलेल्या, भाड्याने राहणाऱ्या घरांतल्या मुलांनाही याचं उत्तर देता येतं.

२. साल विचारू नका, घटना विचारा. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. वर्गात ‘खुणेच्या तारखां’ची पट्टी लावा : १९१८ ची मानमोडीची साथ, ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून, १९४९ ला संस्थान विलीन, १९६७ चा कोयना भूकंप, १९७२ चा दुष्काळ, २००५ आणि २०१९ चे महापूर. मग विचारायचं, “हे भूकंपाच्या आधी की नंतर?” डोंगराकडची माणसं कारवी फुलल्याचीही खूण सांगतात. कारवी काही वर्षांनी एकदाच फुलते, त्यामुळे ती खूण पडताळून बघायला मजा येते.

३. वस्तूपासून सुरुवात करा. ताल, उखळ, दावणीचा खुंटा, लोणी काढायची रवी, घोंगडं. “हे कुणी केलं?” एवढा एक प्रश्न पुरतो.

४. शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. आपल्या भागातल्या कित्येक शाळांची रजिस्टरं जुनी आहेत. त्यांत विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात अशा नोंदी असतात. भटक्या जमातींच्या जात दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात आणि अनेकांना तो शाळेच्या रजिस्टरातच सापडतो. म्हणून मुख्याध्यापकांना विनंती, जुनी रजिस्टरं वाळवीपासून सांभाळा. कुणाचं तरी घर त्या एका ओळीवर उभं असतं.

५. दोन बाजूंनी पडताळा. वरच्या घराने सांगितलेलं खालच्या घराला विचारा. दोन्ही जुळलं तर लिहा, नाही जुळलं तर दोन्ही लिहा. इतिहासाची ‘साधने’ हा धडा यापेक्षा वेगळं काय शिकवतो?

६. पुढचा टप्पा मोठ्यांसाठी. ज्या पालकांना खरंच कागद हवेत त्यांना तलाठी कार्यालयातले फेरफार, कोल्हापूरचं पुराभिलेखागार, १८८६ चं कोल्हापूर गॅझेटिअर ही ठिकाणं सांगा. मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात आहेत.

थोडी काळजी

वर्गात कुणाच्याही जातीचा उल्लेख आपण होऊन करू नका. मूल आपलं काम, आपलं रान, आपली माणसं सांगेल तेवढंच घ्या. घरच्यांनी ‘नको’ म्हटलं तर तिथेच थांबा. मुलाने लिहिलेली वही हा कायदेशीर पुरावा नव्हे, तसं आश्वासन पालकांना देऊ नका. त्यातून कुठे शोधायचं हे कळतं, पुढचं काम मोठ्यांचं. आणि आदिवासी किंवा भटक्या घरांची गोष्ट सांगताना ‘बिचारे’ हा सूर येऊ देऊ नका. उतारावर ताल घालून माती अडवणारा माणूस बिचारा नसतो, त्याला पाणी आणि उतार दोन्ही कळतात.

पालकांनाही एक सांगणं. आपल्या घरात एखादी आजी “माझं काय सांगायचं” म्हणत असेल तर तिला मुलांसमोर बोलतं करा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख घाला, कोण बोलतंय ते लिहा. दहा वर्षांनी ही माणसं विचारायला नसतील.

त्या मुलाने नंतर तक्ता परत आणला. या वेळचा तक्ता त्यानेच आखलेला होता. वर सडा, मध्ये झरा, खाली ताली, त्याखाली शाळा, आणि सड्यापासून शाळेपर्यंत येणारी एक वाट. ‘मूळ गाव’ असं लिहून त्यापुढे त्याने झऱ्यावर बाण काढला होता. मी जुना शेरा खोडला आणि तारखेसह सही केली.

तुमच्या वर्गात अशी रिकामी चौकट कुणाची राहते, ते या वर्षी एकदा जरूर बघा.